उन्हाच्या मापाची निगेटिव्ह

प्रकाशाचा विषय निघाला की पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही; हा मुलूख ओळखला जातो तो तोरणा, राजगड आणि रोहिडा या गडांमुळे, इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकवणाऱ्या भातखाचरांमुळे आणि डोंगराच्या कुशीत अडवलेल्या पाण्यामुळे. परंतु छायाचित्र कागदावर उतरवण्याची एक जुनी आणि गेल्या तीस वर्षांत नव्या साधनांनी पुन्हा उभी राहिलेली पद्धत समजून घ्यायची असेल, तर याच मुलखाचे ऊन, पाणी आणि हवा जवळून पाहणे उपयोगाचे ठरते, कारण येथे मे महिन्यात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, जुलैमध्ये दिवसचे दिवस दिसत नाही, आणि त्याच घरातील तोच कागद वैशाखात पापडासारखा कडक तर आषाढात ओलसर लागतो. संगणकावरील चित्र इंकजेट प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर उलट्या छटांत छापायचे, आणि ती फिल्म संवेदनशील कागदावर टेकवून प्रकाशाने चित्र उमटवायचे, अशी ही पद्धत आहे. तिला ‘डिजिटल निगेटिव्ह’ म्हणतात. नावात ‘डिजिटल’ असले, तरी तिचे यश शेवटी त्या त्या गावच्या उन्हापाण्यावर ठरते, आणि हाच तिच्याविषयी सांगण्यासारखा मुख्य मुद्दा आहे.

आकारास आकार

डार्करूममध्ये चित्र छापण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत लहान निगेटिव्ह एन्लार्जर नावाच्या यंत्रात ठेवून तिची प्रतिमा भिंगातून मोठी करून कागदावर पाडतात. दुसऱ्या रीतीत निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वरून काच दाबून, प्रकाश देतात. दुसऱ्या रीतीला कॉन्टॅक्ट प्रिंटिंग म्हणतात, आणि तिच्यात निगेटिव्ह जेवढी असेल तेवढेच चित्र मिळते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक छपाई अशीच होत असे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या भारतीयांनी ही कला हाती घेतली, तेव्हा काचेच्या निगेटिव्हखाली कागद ठेवून उन्हात चित्र काढणे हीच छपाईची नेहमीची रीत होती.

त्या काळातील कागदांना एन्लार्जरचा प्रकाश चालत नसे, आणि आजही चालत नाही. सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, प्लॅटिनम आणि गम बायक्रोमेट या जुन्या प्रक्रियांमध्ये कागदावर हाताने लावलेला रसायनांचा लेप प्रामुख्याने अतिनील किरणांना आणि जांभळ्या-निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, आणि तोही अतिशय मंदपणे. भिंगातून येणारा एन्लार्जरचा पिवळट उजेड त्याला पुरत नाही. त्यामुळे आठ इंच बाय दहा इंचांचे चित्र हवे असेल, तर निगेटिव्हही आठ बाय दहाचीच लागते. तेवढ्या मापाचा कॅमेरा आणि फिल्म परवडणे अवघड, आणि लहान निगेटिव्हवरून दुसऱ्या फिल्मवर मोठी निगेटिव्ह तयार करण्यात अंधारातले दोन-तीन दिवस जात, शिवाय प्रत्येक टप्प्यावर चित्रातील बारकावे गळत. अमेरिकेतील छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांनी 1995 मध्ये संगणकावरून निगेटिव्ह तयार करण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली. सुरुवातीला त्यासाठी छापखान्यांतील महागड्या इमेजसेटर यंत्रांचा आधार घ्यावा लागे, परंतु पुढे इंकजेट प्रिंटर सुधारले आणि हे काम घरातील टेबलावर आले. गोव्यात पी. माधवन यांनी उभ्या केलेल्या गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफीसारख्या प्रयत्नांमुळे जुन्या प्रक्रियांची ओळख आपल्या भागातील नव्या पिढीलाही होत गेली.

निळे नकाशे आणि जस्ताचे पत्रे

आकारास आकार छापण्याची ही रीत पुणे जिल्ह्याला परकी नाही, मात्र तिचे नाते कलेपेक्षा जमिनीशी आणि धरणाशी अधिक आहे. पुण्यातील शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावातच ती दडलेली आहे. फोटोझिंकोग्राफी म्हणजे नकाशाची छायाचित्रीय निगेटिव्ह घ्यायची, ती बायक्रोमेट मिसळलेल्या सरसाचा लेप दिलेल्या कागदावर टेकवून प्रकाश द्यायचा, प्रकाशाने घट्ट झालेल्या रेषांनाच तेलकट शाई धरते याचा फायदा घेऊन ती रेषाकृती जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, आणि त्या पत्र्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. गावोगावचे नकाशे, त्यांतील बांध, ओढे आणि गट दाखवणाऱ्या बारीक रेषा या मार्गाने कागदावर आल्या.

दुसरा धागा भोरजवळच्या भाटघर धरणाकडे जातो. वेळवंडी नदीवरील हे धरण 1928 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने पुरे झाले, आणि त्या काळात अभियंत्यांच्या कचेऱ्यांत आराखड्यांच्या प्रती काढण्याची सर्वमान्य रीत म्हणजे ब्लू प्रिंट. ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने काढलेला आराखडा लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरला, की शाईच्या रेषांखालचा कागद पांढरा राही आणि उरलेला निळा होई. हाच सायनोटाइप, जो जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधून काढला होता. ट्रेसिंग कापडावरील शाई हीच तेथे निगेटिव्हचे काम करीत असे. आजच्या डिजिटल निगेटिव्हमध्येही पारदर्शक पृष्ठावरची शाईच प्रकाश अडवते. एवढाच फरक, की आराखड्यात रेषा होती किंवा नव्हती, छायाचित्रात मात्र काळ्या आणि पांढऱ्या यांच्या मधल्या शेकडो छटा असतात, आणि सगळी अडचण या मधल्या छटांची आहे.

शाई, फिल्म आणि उलटे चित्र

काम सुरू होते ते चित्र कृष्णधवल करण्यापासून. संगणकात छटांची उलटापालट करतात, म्हणजे चित्रातील अंधारा भाग फिल्मवर स्वच्छ राहतो आणि उजळ भाग शाईने भरतो. त्याचबरोबर चित्र आडवे पालटतात, जेणेकरून फिल्मची शाईची बाजू कागदाच्या लेपाला थेट भिडेल. शाई वरच्या बाजूला राहिली, तर फिल्मच्या जाडीएवढे अंतर मध्ये पडते, त्यातून प्रकाश कडेने पसरतो आणि गडाच्या तटासारखी करकरीत रेघही विस्कटते.

फिल्म कोणती घ्यावी, हा तालुक्याच्या ठिकाणी पहिला प्रश्न होतो. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी साधी ओएचपी शीट लेझर प्रिंटरसाठी केलेली असते. इंकजेटची पातळ शाई तिच्यावर थेंब धरून राहते, पसरते आणि बोट लागताच पुसली जाते. या कामाला शाई शोषणारा सूक्ष्म सच्छिद्र थर दिलेली इंकजेट फिल्मच लागते, आणि ती बहुधा शहरातून मागवावी लागते. त्या थराची बाजू किंचित खरखरीत असते. कोरड्या बोटाने हलकेच स्पर्श केला, की बाजू कळते.

शाईविषयीही डोळ्यांवर विसंबून चालत नाही. माणसाला जी निगेटिव्ह गडद काळी दिसते, ती अतिनील किरणांना तेवढीच अडवते असे नाही. उलट हिरवट किंवा नारिंगी रंग दिसायला फिकट असूनही अतिनील किरणांसाठी भिंतीसारखा ठरू शकतो. म्हणून अनुभवी कारागीर आपल्या प्रिंटरवर रंगांच्या चौकटींचा तक्ता छापतात, तो प्रत्यक्ष कागदावर उमटवून पाहतात, आणि कोणत्या रंगाखाली कागद पुरता पांढरा राहिला ते शोधून त्या रंगात सगळी निगेटिव्ह छापतात. निगेटिव्ह नारिंगी किंवा हिरवी दिसते, याचे मग नवल वाटत नाही.

वक्राचे गणित

निगेटिव्हचा भाग किती प्रकाश अडवतो, त्याच्या मापाला घनता म्हणतात. हे माप लॉगरिदमच्या पट्टीवर मोजतात, घनता 0.3 ने वाढली, की आरपार जाणारा प्रकाश निम्मा होतो, आणि 1.8 घनतेतून चौसष्टाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश जातो. प्रत्येक कागदाची भूक वेगळी असते. डार्करूममधील मध्यम प्रतीच्या चांदीच्या ब्रोमाइड कागदाला निगेटिव्हच्या सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत गडद भागांत घनतेचा सुमारे एकाचा फरक पुरतो; प्लॅटिनमला त्याहून बराच जास्त लागतो, सॉल्ट प्रिंटला आणखी जास्त. चांदीच्या कागदासाठी केलेली निगेटिव्ह सॉल्ट प्रिंटवर ठेवली, तर चित्र राखाडी आणि निर्जीव येते. उलट केले, तर उजळ भाग कोरे पडतात.

कागदाची ही भूक ओळखण्यासाठी पहिली कसोटी वेळेची असते. शाई नसलेली स्वच्छ फिल्मही थोडे अतिनील किरण अडवते, म्हणून लेप दिलेल्या कागदाच्या पट्टीवर कोरी फिल्म ठेवून टप्प्याटप्प्याने वाढता प्रकाश देतात, आणि ज्या टप्प्यानंतर काळेपणा किंवा निळेपणा आणखी वाढत नाही, ती वेळ त्या कागदाची प्रमाण वेळ ठरते. दुसरी कसोटी छटांची. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतच्या राखाडी चौकटींचा तक्ता निगेटिव्ह म्हणून छापून त्या प्रमाण वेळेत कागदावर उमटवतात, धुऊन पूर्ण वाळू देतात, आणि मग स्कॅनरने किंवा घनतामापकाने प्रत्येक चौकट मोजतात. संगणकात पन्नास टक्के असलेली चौकट कागदावर जवळजवळ पांढरी आली, आणि ऐंशी ते शंभर या चौकटी एकमेकींत मिसळल्या, असे सुरुवातीला हमखास दिसते. हा वाकडेपणा मोजून त्याच्या नेमका उलट वाकडेपणा चित्राला आधीच द्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि कागदावर सरळ चढण मिळते. संगणकातील या उलट्या रेषेलाच वक्र म्हणतात.

वाळण्याची वाट न पाहता मोजणी केली, तर मात्र सगळे चुकते. सायनोटाइपचा निळा रंग धुतल्यानंतरही हवेतील प्राणवायूने गडद होत जातो, आणि दाट सावल्यांत फिकट पडलेला रंग दुसऱ्या दिवशी परत भरून येतो. घाई करायची असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या काही थेंबांच्या पाण्यातून कागद काढतात, परंतु मोजणीसाठी चोवीस तास थांबणेच अधिक भरवशाचे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते. इंटरनेटवर तयार वक्र मिळतात, ते डाउनलोड करून मुंबईत, लंडनमध्ये किंवा भोरमध्ये सारखेच चित्र येईल अशी अपेक्षा धरली जाते, आणि ती पुरी होत नाही. वक्र हा केवळ प्रिंटरचा गुण नसतो. त्यात शाई, फिल्म, कागद, लेपाची जाडी, हवेतील ओल, धुण्याचे पाणी आणि प्रकाशाचा स्रोत हे सगळे गुंतलेले असतात. दुसऱ्याचा वक्र दुसऱ्याच्या गावचा असतो.

आषाढातला दमटपणा

भोर-वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला, वरंध आणि मढे घाटांच्या बाजूला, पावसाळ्यात ढग गावात उतरतात आणि कपडे आठवडाभर वाळत नाहीत. अशा हवेत निगेटिव्हचा सच्छिद्र थर शाईबरोबर ओलही शोषतो, शाई वरवर कोरडी वाटते पण आतून ओली राहते, आणि लेप दिलेल्या कागदावर दाबली की तिथे चिकटते. कागद सोडवताना निगेटिव्हवरचा शाईचा पापुद्रा निघून येतो आणि चित्रावर डाग राहतो. त्यासाठी निगेटिव्ह छापल्यावर हेअर ड्रायरने कोमट वाऱ्यात फिरवतात, रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात, आणि छापताना गरज पडल्यास मध्ये अतिशय पातळ मायलरची शीट घालतात. ती शीट थोडी तीक्ष्णता घेते, पण निगेटिव्ह वाचवते.

लेपाचा कागदही ओल धरतो. अगदी कोरड्या कागदावर काही प्रक्रिया निस्तेज उमटतात, तर जास्त ओल्या कागदात रसायन खोल उतरते आणि छटा बदलतात. प्लॅटिनमसारख्या प्रक्रियेत कागदातील ओल हाच नियंत्रणाचा एक दांडा मानतात. त्यामुळे आर्द्रतामापक ही चैनीची वस्तू राहत नाही. मे महिन्यात काढलेला वक्र जुलैमध्ये लागू पडत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी वेगळा वक्र काढावा लागतो, आणि प्रकाशासाठी सूर्याऐवजी अतिनील नळ्यांची किंवा एलईडीची पेटी वापरावी लागते. घाटमाथ्याकडील गावांत वीज गेली, की पेटीतील छपाई मधेच थांबते. तेव्हा घालवलेली मिनिटे टिपून ठेवून वीज आल्यावर उरलेला वेळ देणे, हाच उपाय.

प्रिंटरलाही येथील हवा जाणवते. पावसाळ्यात काम थांबले आणि प्रिंटर तीन आठवडे बंद राहिला, तर हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई घट्ट होते, आणि पुढच्या निगेटिव्हवर पडद्याच्या पट्ट्यांसारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात. साध्या छापील कागदावर त्या नजरेतून सुटतात, पण निगेटिव्हमधून आकाशासारख्या सपाट भागात ठळक होतात. आठवड्यातून एक पान छापून हेड वाहते ठेवणे, हाच त्यावरचा खरा उपाय ठरतो.

वैशाखातले ऊन, विहिरीचे पाणी

भोर सुमारे 18 अंश 9 मिनिटे उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीस तो मध्यान्हीही क्षितिजापासून 48 अंशांवरच असतो. तिरक्या किरणांना हवेचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो आणि त्यात अतिनील किरणच सर्वाधिक गळतात, म्हणून डिसेंबरमध्ये डोळ्यांना लख्ख वाटणारे ऊनही कागदाला तेवढे लख्ख नसते. वैशाखात सायनोटाइपला काही मिनिटे पुरतात, मार्गशीर्षात त्याच कागदाला त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागू शकतो.

छपाईची चौकट साधी असते. पुढे काच, मागे बिजागरीने दोन भागांत उघडणारी फळी. अर्धी फळी उचलून कागद पाहता येतो आणि उरलेल्या अर्ध्या फळीच्या दाबामुळे निगेटिव्ह जागची हलत नाही. फिक्या पिवळसर-हिरव्या लेपाचा रंग आधी निळसर राखाडी होतो, मग सावल्यांचा भाग धातूसारखा करडा पडतो, आणि त्याच खुणेवर चौकट उन्हातून आत घेतात. एखाद्या निगेटिव्हमध्ये छटांचा फरक कमी पडला असेल, तर जुने कारागीर ती चौकट थेट उन्हाऐवजी मोकळ्या आकाशाच्या सावलीत ठेवीत. उन्हातच काळवंडणाऱ्या कागदांवर वेळ वाढे, पण उठावही वाढे. तोच नियम सॉल्ट प्रिंटसाठी आजही उपयोगी पडतो.

धुण्याचे पाणी हा शेवटचा आणि बरेचदा दुर्लक्षित टप्पा. सायनोटाइपचा निळा रंग, म्हणजे प्रशियन ब्लू, अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. बेसॉल्टच्या खडकातून आलेले बोअरवेलचे जड पाणी वारंवार वापरले, तर निळाई फिकी पडते. पाण्यात लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकून त्याचा अल्कधर्मीपणा मोडतात. कागद वाहत्या पाण्यात ठेवला, की पिवळी छटा वाहून जाते, आणि उजळ भाग कागदाच्या मूळ रंगापर्यंत स्वच्छ होतात. पिवळी झाक राहिली, तर ते चित्र काही महिन्यांतच डागाळते. गम बायक्रोमेटसाठी वापरले जाणारे डायक्रोमेट मात्र विषारी आणि कर्करोगकारक असल्याने त्याचे धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा खाचरात सोडणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. धरणांच्या पाणलोटात राहून हे काम करणाऱ्याने लोहक्षारांच्या प्रक्रियांवर थांबावे, हेच शहाणपणाचे.

बुडालेल्या गावांची चित्रे

एवढ्या खटपटीने मिळणारे चित्र कशासाठी, याचे उत्तर या दोन तालुक्यांत सहज सापडते. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी अशा धरणांनी या खोऱ्यांतील अनेक गावांची जुनी जागा पाण्याखाली घेतली. पानशेतच्या फुटीने 12 जुलै 1961 रोजी पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा घराघरांतील कागद आणि फोटो चिखलात गेले. अशा कुटुंबांकडे एखादाच पिवळट फोटो उरतो, ज्याची निगेटिव्ह कधीच हरवलेली असते. त्या फोटोचे स्कॅन करून त्याची मूळ मापाची निगेटिव्ह पुन्हा तयार करता येते, आणि तिच्यावरून चांगल्या सुती कागदावर असे चित्र छापता येते, जे पाहायला वीज, पडदा किंवा पासवर्ड लागत नाही. स्कॅन केलेल्या फाइलला हे चित्र पर्याय नव्हे, तर पूरक आहे. फाइल जपावीच, पण छापलेले चित्र कपाटात राहते आणि भाऊबंदांच्या हातात फिरते.

भाटघरच्या पाणवठ्यात कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतेक महिने पाण्याखाली असते, आणि आवर्तने सुटून धरण खाली गेले की मे-जूनच्या सुमारास काठासह उघडे पडते. गाळाने माखलेले दगड, पाण्याच्या पातळीने रेखलेल्या आडव्या रेषा आणि ओल सुकून भेगाळलेली जमीन यांचे चित्र घ्यायला हेच दिवस असतात, आणि छपाईचे ऊनही याच दिवसांत सर्वांत बळकट असते. म्हणून या मुलखात निगेटिव्हच्या कामाची वही ठेवायची, तर तिच्यातील मे महिन्याचे पान सर्वांत भरलेले असावे. तारीख, मध्यान्हीची वेळ, हवेतील ओल, कोणत्या विहिरीचे पाणी, किती मिनिटे, कोणता वक्र. पुढच्या वर्षी मंदिर पुन्हा वर आले, की तीच नोंद पहिली कसोटी ठरते. मधल्या काळात जुलैचा पाऊस येतो, पाणी कळसावरून जाते, आणि त्या वेळी घरात दोरीवर वाळत असलेल्या निळ्या कागदावर मंदिराचा एकेक दगड मोजता येतो.